मुक्काम बीकेसी, मार्फत आपण

रा. रा. संचालकसाहेब यांसी,
लातूरहून,

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आपला निरोप आला. वाटलं, चला, मुंबईच्या ऑफिसाचं डिपॉझिट सुटलं एकदाचं. चष्मा लावून बघतो तर अठरा पानांची रंगीत पुस्तिका! आपण म्हणे आता नांदेड आणि लातूरला येताय. पहिल्या पानावर निळ्या काचेची इमारत, दुसऱ्या पानावर लॅपटॉपकडे बघून हसणारी चार माणसं. लॅपटॉपकडे बघून आमच्याकडे अजून कुणी हसत नाही, जीएसटीचं पोर्टल उघडलेलं असतं. तिसऱ्या पानावर ओळ होती, ‘एक सदस्यत्व, शहरभर कार्यालये’. आणि शेवटच्या पानावर खास आमच्यासारख्यांसाठी आमंत्रण: जागा तुमची, फर्निचर तुमचं, नाव आमचं, नफा दोघांचा.

नांदेडला आमच्या दाजींनाही तीच पुस्तिका गेली. त्यांचा तिथल्या श्रीनगरातला पहिला मजला रिकामा होता, हेही आपल्याला कुठून तरी कळलं. रात्री साडेअकराला त्यांचा फोन. “ह्यो तोच का?” म्हटलं, तोच. “मग ह्याला आपला नंबर कामून देला?” म्हटलं, दाजी, आपणच दिला. सदस्यत्वाच्या फॉर्मवर, दोन ठिकाणी सही करून.

आपलं नाव मी इथं लिहीत नाही. आपल्या धंद्यात आपल्यासारखे बरेच आहेत, उगीच एकट्यालाच मान कशाला?

आमची आठवण आपल्याला नसणार. आम्ही डाळवाले. लातूरच्या एमआयडीसीत मिल आहे, आडत बाजारात वडलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे आणि नांदेडची विक्री दाजी बघतात. दोन वर्षांपूर्वी पुतण्या पुण्याहून एमबीए होऊन आला. त्यानं पहिल्याच महिन्यात निदान केलं. “काका, आपल्या मालात खोट नाही, पत्त्यात आहे. लेटरहेडवर लातूर दिसलं की मोठा खरेदीदार मेल उघडत नाही.” मला ते झोंबलं, कारण कुठंतरी पटलंही होतं. मराठवाड्याच्या माणसाला मुंबईत गाव सांगताना जरा घसा खाकरावा लागतो. लातूर म्हटलं की समोरचा एकतर १९९३चा भूकंप काढतो, नाहीतर २०१६ची पाण्याची रेल्वे. तुरीचं नाव कुणी काढत नाही. हा दोष आपला नाही साहेब, आमचाच. आपण फक्त त्याचं भाडं लावलंत.

आपली योजनाही भारदस्त होती. नरिमन पॉइंट, बीकेसी, लोअर परळ, अंधेरी, मुंबईच्या चार व्यापारी पेठांत आपली केंद्रं आणि आम्ही त्यातल्या कुठंही जाऊन बसायचं. पत्ता मात्र बीकेसीचा. या चार जागांचं मला कौतुक वाटलं, कारण चारही मूळच्या दुसऱ्याच कशाच्या तरी. नरिमन पॉइंट समुद्रात भर घालून केलेला, बीकेसी मिठी नदीकाठची दलदल. अंधेरीला एमआयडीसी, तेवढी ओळखीची वाटली. आणि लोअर परळ गिरण्यांचं. १८ जानेवारी १९८२ला तिथला संप सुरू झाला तो गिरण्यांना घेऊनच बसला. दाजींचे वडीलही गिरणीतलेच, नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. लोअर परळच्या आपल्या केंद्राबाहेर दाजी जुन्या धुराड्याकडे इतका वेळ बघत उभे राहिले की सुरक्षारक्षकानं येऊन विचारलं, “काका, कुणाकडं जायचंय?”

भाडं महिना १४,०००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२०. आपल्या पोरानं फोनवर समजावलं, “सर, जीएसटीचं टेन्शन नको, क्रेडिट मिळतं.” मिळतं ना, ज्याच्या मालावर कर आहे त्याला! आम्ही विकतो तीस किलोचा कट्टा. पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या डाळीवर जुलै २०२२पासून कर बसला, त्यावरच्या कट्ट्यावर नाही. विक्रीवर कर नाही म्हणजे खरेदीचं क्रेडिटही नाही, तुमचे १८ टक्के सरळ आमच्या अंगावर. एवढा हिशेब आमच्या मुनीमजींना तोंडपाठ आहे, पण त्यांना विचारलं कुणी? ते लातूरचे ना.

भाडं म्हणालो, चुकलो. करार सदस्यत्वाचा होता. भाडेकरार असता तर १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आडवं येतं, करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी जागा देणाऱ्यावर पडते. सदस्याला कसली नोंदणी? तीन महिन्यांचं डिपॉझिट ४२,०००, अकरा महिने बांधील, सोडायचं तर दोन महिने आधी कळवा. सही केली. वडील असते तर म्हणाले असते, बैल घेताना दात बघतोस आणि इथं कागदसुद्धा बघितला नाहीस.

वडलांचंही मुंबईत ऑफिस होतं, साहेब. त्याला तेव्हा ‘मार्फत’ म्हणायचे. दाणाबंदर अजून वाशीला गेलेलं नव्हतं, मशीद बंदरलाच होतं. तिथल्या एका दलालाच्या पेढीवर वडील वर्षातून चार-सहा वेळा जायचे. गादीवर बसायला जागा, टेलिफोन, ट्रंक कॉल लागेपर्यंत चहा, दुपारी जेवण, रात्री पोटमाळ्यावर पथारी. घरून पोस्टकार्ड जायचं ते ‘मार्फत अमुक पेढी, मशीद बंदर, मुंबई’. भिंतीवर पाटी नव्हती की लेटरहेड नव्हतं. दलाल आपली दलाली सौद्यात घ्यायचा आणि ती चोख घ्यायचा, तो काही संत नव्हता. पण बसल्याचे पैसे त्यानं कधी लावले नाहीत. मी पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “काका, एक्झॅक्टली! तेच, फक्त प्रोफेशनल.”

तर ते प्रोफेशनल बघायला आम्ही निघालो. मी लातूरहून रात्रीच्या गाडीनं. तीच गाडी, जी २०१७ साली आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली म्हणून लातुरात आंदोलनं झाली होती. दाजी नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसनं. सकाळी सीएसएमटीवर गाठ पडली. बीकेसीला एका मोठ्या साखळी दुकानाचा खरेदी अधिकारी भेटायला येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आम्हाला आमच्या मुंबईच्या ऑफिसात भेटणार होतं. दाजींनी नवी पायताणं घेतली होती.

आत गेल्यावर आमची पाटी शोधली. रिसेप्शनवरच्या मुलीनं पडद्याकडं बोट दाखवलं. त्यावर कंपन्यांची नावं खालून वर सरकत होती, सिनेमा संपल्यावर सरकतात तशी. आम्ही दोघं उभं राहून वाट बघत होतो. ब्याण्णव नावं मोजली, मग आमचं आलं. दाजींनी फोन बाहेर काढून कॅमेरा लावेपर्यंत वर निघून गेलं. “थांबा,” दाजी म्हणाले, “परत यील.” आलं साहेब, अकरा मिनिटांनी. फोटो आहे आमच्याकडं.

बैठकीची खोली साडेअकरा ते साडेबाराची होती. खरेदी अधिकारी सव्वाअकरालाच खाली आला. पण वर यायला त्याच्या फोनवर ओटीपी यायला हवा, ओटीपीसाठी आम्ही अ‍ॅपवर त्याची नोंद करायला हवी आणि अ‍ॅपसाठी आपलं वायफाय चालायला हवं. बाराला पाच मिनिटं कमी असताना तो वर आला. तोवर खोलीचं घड्याळ सुरूच होतं. दारावर लाल आकडे उलटे पळत होते, आयसीयूत असल्यासारखे.

मग नमुने. डाळीचा धंदा बोलून होत नाही. फटका डाळ ताटात ओतावी लागते, बोटांनी पसरावी लागते, दाणा दाताखाली फोडून बघावा लागतो, चुनी किती पडते ते समोर दाखवावं लागतं. मी पिशवीतून पावपाव किलोच्या चार पुड्या आणि घरचं स्टीलचं ताट काढलं. पहिली पुडी सोडली तोच आपली मुलगी काचेच्या दारातून आत. “सर, आउटसाइड फूड अलाउड नाही.” म्हटलं, पोरी, हे फूड नाही, कच्ची तूरडाळ आहे. ती म्हणाली, “सर, पॉलिसी आहे. पँट्रीत खाऊ शकता.” कच्ची तूरडाळ! तिची चूक नाही, तिला कुणीतरी तसं लिहून दिलं होतं. खरेदी अधिकारी मान खाली घालून हसत होता. शेवटी तो, मी आणि दाजी, तिघं पँट्रीत उभे राहिलो. सिंकशेजारच्या ओट्यावर ताट ठेवलं. कॉफीच्या मशीनला दूध नव्हतं, पाटी लावली होती.

तिथं त्या माणसानं डाळ बघितली, दाताखाली फोडली, पुन्हा बघितली आणि मला विचारलं, “मिल कुठंय तुमची?” लातूरला. “स्वतःची?” स्वतःची. “मग इथं कशाला बसलात? आमच्या फाइलवर तुमच्या नावापुढं ‘ट्रेडर’ लिहिलंय, पत्ता बघून. आम्हाला मधला माणूस नको, लातूरचा मिलवालाच पाहिजे.”

साहेब, मी आपल्या पँट्रीत उभा राहून महिना १६,५२० रुपये देऊन मधला माणूस झालो होतो.

पुढं तो स्वतः लातूरला आला. मिलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, धुळीनं पांढरा झाला, दोन गाड्यांची ऑर्डर देऊन गेला. त्याला आम्ही ओटीपी विचारला नाही.

अकरा महिन्यांत आम्ही आपल्याकडं पाच वेळा आलो. म्हणजे भाड्यातच एका वेळेला ३६,३४४ रुपये पडले, प्रवास आमचा वेगळा. या भावात मशीद बंदरच्या दलालानं वडलांना हत्तीवरून मिरवलं असतं.

आणि मग सोडचिठ्ठी. आपली हिशेबपट्टी मी दुकानात जपून ठेवली आहे. पट्टी हा शब्द मुद्दाम वापरतो. शेतकरी माल घालतो तेव्हा आडत्या त्याला पट्टी देतो, त्यात हमाली, तोलाई असं एकेक कापलेलं असतं. पिढ्यान् पिढ्या शेतकरी त्या पट्टीकडं संशयानं बघत आलाय आणि नेहमीच विनाकारण नाही, हे मी आडत बाजारात बसून लिहितो. पण आपली पट्टी वाचली आणि आमच्या सगळ्या बाजारानं आपल्याकडं शिकायला यावं असं वाटलं. ४२,०००मधून नोटीस एक दिवस उशिरा दिली म्हणून एक महिना, १६,५२०. जागा पूर्ववत करण्याचे ६,५००. प्रवेशपत्र हरवलं त्याचे १,१८०. पत्रव्यवहार हाताळणी, २,३६०.

पूर्ववत करणं म्हणजे काय, साहेब? आमची ठरलेली खुर्चीसुद्धा नव्हती. रोज जी रिकामी सापडेल ती, त्याला आपल्याकडं ‘हॉट डेस्क’ म्हणतात. मग आम्ही कोणती भिंत मळवली? दाजींना शंका आहे की त्यांनी लोअर परळला डोकं टेकवून डुलकी घेतली त्या भिंतीला तेल लागलं असेल. दाजी रोज डोक्याला तेल लावतात हे खरं. पण ६,५०० रुपयांत श्रीनगरातला अख्खा मजला रंगवून मिळतो, जरा हात ओढून घेतला तर. आणि पत्रव्यवहार? अकरा महिन्यांत आम्हाला तीन पत्रं आली. त्यातली दोन आपलीच बिलं होती.

उरले १५,४४०. ते साठ दिवसांत मिळतील असं लिहिलं होतं. आज सात महिने झाले.

आपला धंदा मला कळत नाही असं समजू नका. चांगला कळतो. लांब मुदतीच्या करारानं जागा घाऊक उचलायची आणि महिन्या-महिन्यानं किरकोळीत सोडायची. आम्ही तरी काय करतो? तूर पोत्यानं घेतो, डाळ किलोनं जाते. फरक एवढाच की मंदी आली तर आमची तूर गोदामात पडून राहते, पुढं कधीतरी विकते. तुमची रिकामी खुर्ची रोज संध्याकाळी नासते. १९८९ साली ब्रुसेल्समध्ये याच धंद्यातली ‘रीगस’ सुरू करणाऱ्या मार्क डिक्सनची अमेरिकेतली शाखा २००३मध्ये दिवाळखोरीत गेलीच होती, तो माणूस त्यातून वर आला. ‘वीवर्क’ची किंमत जानेवारी २०१९मध्ये ४७ अब्ज डॉलर लावली होती आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तिचा अमेरिकेतल्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज. तेव्हा नासलेल्या खुर्च्यांचे पैसे कुठून तरी काढावे लागतात, हे मान्य. फक्त ते डाळवाल्याच्या डिपॉझिटमधून काढावेत का, एवढाच प्रश्न आहे.

आता आपण आमच्याकडं येताय, तर चार गोष्टी सांगणं यजमान म्हणून माझं काम.

‘शहरभर कार्यालये’ ही ओळ लातुरात छापू नका, लोक हसतील. इथं गंजगोलाई आहे. निजामाच्या राज्यात १९१७ साली फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली. मध्ये देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला कापड, एकाला चपला, एकाला मिरची. आपण मुंबईत चार पेठा दाखवल्यात, त्या फिरायला आम्हाला लोकलचा पास काढावा लागला. इथं सोळा पेठा आहेत आणि गुडघे धड असतील तर पाऊण तासात सगळ्या होतात.

खुर्ची भाड्यानं देण्याची कल्पनाही नवी म्हणून विकू नका. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडला गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत. नीटची पोरं महिन्याच्या बोलीवर खुर्ची घेतात. दिवा, पंखा किंवा एसी, पाण्याचा जार, कप्पा, मागं चिकटवलेला नंबर आणि बोलाल तर दंड. सकाळच्या पाळीत एक पोरगं, रात्रीच्या पाळीत दुसरं. आपल्या ‘हॉट डेस्क’पेक्षा ती खुर्ची जास्त तापलेली असते, विश्वास ठेवा. पोरगं गावाकडं परत जातं तेव्हा अभ्यासिकेचा मामा त्याच्याकडून भिंतीच्या रंगाचे पैसे घेत नाही. उलट डॉक्टरकीला नंबर लागला तर त्याचा फोटो स्वखर्चानं फ्लेक्सवर लावतो.

पुस्तिकेत ‘अमर्याद पाणी’ असं लिहिलंय. लातूरच्या आवृत्तीत तेवढं खोडा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं गाव आहे हे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. इथला माणूस ‘अमर्याद’ म्हटलं की आधी टाकीवर चढून बघतो.

नांदेडला ‘चहा-कॉफी मोफत’ ही जाहिरात चालणार नाही. तिथं सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे. कुठूनही आलेला, कुणीही, पंगतीत बसतो आणि जेवतो. सदस्यत्व आहे का असं तिथं कुणी विचारत नाही. त्या गावात दूध संपलेल्या मशीनला मोफत म्हणायला फार धीर लागतो.

बाकी यायचं तर जरूर या. गिऱ्हाईक मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. मिळेल. आमच्या पुतण्यासारखी हुशार पोरं दोन्ही गावांत आहेत आणि माझ्यासारखे घसा खाकरणारे त्याहून जास्त. पुतण्यानं परवा नवीन लेटरहेड छापलं. त्यावर ‘लातूर’ हा शब्द कंपनीच्या नावापेक्षा मोठा आहे. मी काही बोललो नाही. आपल्याकडं १,८१,७२० रुपयांचं शिक्षण झालंय त्याचं, पुण्याची फी वेगळी.

दाजींचा मजला मात्र आता विचारू नका. तो जूनपासून अभ्यासिकेला दिला. साठ खुर्च्या लागल्या आहेत.

राहिले आमचे १५,४४०. खाते क्रमांक आपल्याकडं आहेच, दर महिन्याला न चुकता आपणच त्यातून कापत होतात. आणि आमच्या नावाचं एखादं पत्र अजून आपल्या काउंटरवर पडलं असेल तर तेही इकडं पाठवून द्या. हाताळणीचे पैसे कापून घ्या, चालेल. पाकिटावर दुकानाचं नाव आणि ‘आडत बाजार, लातूर’ एवढंच लिहा. मार्फत कुणी लागत नाही, पोस्टमन ओळखतो.

आपला माजी सदस्य,
पडद्यावर त्र्याण्णवावा